धोका अत्यल्प

९ जानेवारी, बुद्ध संवत २५६६, सोमवार

आज सकाळी नऊ वाजता विद्यापीठातून तीन माणसे आमच्या टाइल कारखान्याच्या झिलई विभागात आली. मालकांनी शनिवारीच सूचना दिली असल्याने मी सहा वाजताच जाऊन धूळ ओढणारा पंखा सुरू केला, फरशी ओल्या फडक्याने पुसून घेतली आणि सातही बायकांना नव्या मुखपट्ट्या वाटल्या. विभागप्रमुख या नात्याने हे माझे कर्तव्य होते.

चार वर्षांपूर्वी आमच्याकडे नॅनो भुकटी आली. न्हाणीघराच्या टाइलवर तिचा फवारा मारला असता डाग धरत नाही. ही भुकटी माणसाच्या फुफ्फुसास किती अपाय करील याचे भाकीत संगणक करणार आहे. पाहुण्यांपैकी अरुनोथाय नावाच्या तरुण संशोधक बाईंनी मला ते समजावून सांगितले.

“काका, केसाच्या जाडीत याचे हजारभर कण शेजारी शेजारी बसतील. श्वासाबरोबर ते पार तळापर्यंत जातात. माणसांना काय होतंय ते बघत बसलो तर वीस वर्षं जातील आणि माणसंही जातील. म्हणून आम्ही संगणकात एक फुफ्फुस केलंय. धूळ किती, पंखा किती तास, मास्क होता की नव्हता, हे सगळं त्याला सांगायचं. मग ते पुढचं सांगतं.”

“ते चुकते का?” मी विचारले.

“तुम्ही जसं सांगाल तसं ते बोलतं, काका.”

त्यांना चार वर्षांच्या रोजच्या नोंदी हव्या होत्या. त्या संपूर्ण कारखान्यात केवळ माझ्याकडे निघाल्या. नोंदवही उघडताच मोठे प्राध्यापक म्हणाले, “असं अक्षर आमच्या विद्यापीठात कोणाचं नाही.” माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे, परंतु ती चौथी त्या काळची होती.

पाहुणे अकरा वाजता गेले. पंखा बंद केला.

११ जानेवारी, बुधवार

पंखा पावणेदोन तास. नोंदवहीत आठ तास लिहिले.

येथे एक खुलासा करून ठेवतो. पंखा दिवसभर चालविला तर तो भुकटीही ओढून नेतो. आमच्या विभागात भुकटीची नासाडी सर्वांत कमी होते, हे मालकांनी दोन वेळा सभेत सांगितले आहे. सांडलेली भुकटी आम्ही कोरड्या झाडूने गोळा करून पुन्हा पिंपात भरतो. नोंदवही ही कार्यालयीन बाब आहे. तीत नियमाप्रमाणे जे व्हावयास हवे तेच लिहिले जाते. अन्यथा नियम असून उपयोग काय? ही दैनंदिनी खासगी असल्याने तीत जे घडले ते लिहितो. दोहोंची गल्लत मी आजवर केलेली नाही.

दुपारी जेवताना सायथोंग म्हणाली, “काकांच्या वहीत आम्ही सगळ्या तोंड बांधलेल्या लाजऱ्या नवऱ्या! इथं बघावं तर एक मास्क आठवडाभर, तोही चिकट भातासारखा ओला.” सर्वजणी हसल्या. सायथोंग पन्नाशीची आहे, कामाला चोख आहे, परंतु जिभेस हाड नाही. माझी मुलगी बुआलायही हसली आणि मग तिला खोकल्याची उबळ आली. तिचा खोकला पावसाळा संपल्यापासून आहे. तिला मी सर्वांसमोर तंबी दिली की विभागप्रमुखाच्या मुलीने तरी नियमांची थट्टा करू नये.

“चुकलं, बाबा,” ती म्हणाली.

२६ जानेवारी, गुरुवार

अरुनोथाय बाई आज एकट्या आल्या. माझ्या नोंदवह्या त्यांनी रेशमी वस्त्रात गुंडाळून आणल्या होत्या. मला हात जोडून त्या खुर्चीवर न बसता खालच्या स्टुलावर बसल्या. मुलीला संस्कार आहेत.

“काका, एक विचारू का? रागावू नका.”

“विचारा.”

“एप्रिलमध्ये, नव्या वर्षाच्या सणाला, तेरा, चौदा आणि पंधरा तारखेला कारखाना चालू असतो का हो?”

“नसतो. पाण्याचा सण आहे. सर्वजण घरी असतात.”

“वहीत त्या दिवशीही पंखा आठ तास आहे. सातही जणींनी मास्क लावलाय. चारही वर्षं.”

मी त्यांस शांतपणे सांगितले की पंखा दररोज आठ तास चालावयास हवा असा नियम आहे आणि नियमात सणाचा उल्लेख नाही.

त्यांनी वहीची ती पाने पुन्हा उलटली. काहीतरी बोलण्यासाठी त्यांनी तोंड उघडले होते. तेवढ्यात त्यांची नजर माझ्या पांढऱ्या केसांकडे गेली, आणि त्यांनी मान खाली घातली.

“बरोबर आहे, काका. माझ्याच समजण्यात काहीतरी चूक झाली. ते बारा दिवस मी गाळते आणि बाकीचे आकडे जसेच्या तसे घेते.”

चूक लक्षात येताच ती मान्य करणारी सुशिक्षित माणसे आता दुर्मिळ झाली आहेत. त्यांना आमच्या घरची भाजलेल्या मिरचीची चटणी केळीच्या पानात बांधून दिली.

पंखा दीड तास.

१५ फेब्रुवारी, बुधवार

निकाल आला! यंत्राने सातही जणींस सुरक्षित केले आहे. प्रत्येकीच्या नावापुढे ‘धोका अत्यल्प’ असे छापले आहे. बुआलायचे नाव दुसरे आहे. शेजारच्या तीन कारखान्यांनाही आता आमच्या विभागाचे आकडे नमुना म्हणून लावणार आहेत. मालकांनी कागद चौकटीत बसवून प्रवेशद्वाराशी लावला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मालक माझ्याहून एकवीस वर्षांनी लहान आहेत, तरी आज मी ते चालवून घेतले.

सायथोंग म्हणाली, “काका, यंत्राला एकदा इथं आणून उभं करा ना! शिंकलं तर आमचं खरं.”

तिच्याकडे दुर्लक्ष केले.

२० फेब्रुवारी, सोमवार

बुआलायला जिना चढताना दम लागू लागल्याने जिल्हा रुग्णालयात नेले. छातीच्या चित्रात दोन्ही बाजूंस पांढरे ठिपके दिसले. डॉक्टर तरुण आहेत, चष्मा लावतात.

“ताई, कामावर धूळ असते का?”

बुआलायने माझ्याकडे पाहिले. मी तयारीनिशी गेलो होतो. यंत्राच्या निकालाची प्रत त्यांच्यासमोर ठेवली.

डॉक्टरांनी ती दोनदा वाचली. “हे विद्यापीठाचं आहे म्हणजे प्रश्नच नाही. धूळ नाही, मग हा क्षयच असणार. थुंकीत जंतू सापडले नाहीत, पण कधी कधी नाही सापडत. आपण गोळ्या सुरू करू. सहा महिने, एकही दिवस चुकवायचा नाही.”

मी म्हणालो, “चुकणार नाही.”

घरी आल्यावर गोळ्यांसाठी स्वतंत्र वही आखली. दिनांक, वेळ, गोळ्यांची संख्या आणि देणाऱ्याची सही असे चार रकाने केले. बुआलायचा नवरा बारा वर्षांपूर्वी दक्षिणेस गेला तो परतला नाही, तिची आईही हयात नाही. तेव्हा देणारा मीच.

डॉक्टरांनी पंधरा दिवसांची रजा लिहून दिली होती. परंतु निकालात धोका अत्यल्प असताना विभागप्रमुखाची मुलगी घरी बसली तर लोक काय अर्थ काढतील? दोन दिवस विश्रांती घेऊन तिने कामावर यावे असे ठरले. तिने हरकत घेतली नाही.

१८ मार्च, शनिवार

डोंगरात रान पेटले आहे. गावावर धूर आहे आणि सूर्य तांब्याच्या थाळीसारखा दिसतो. सारे गाव खोकत आहे, त्यामुळे बुआलायच्या खोकल्याचा वेगळा विचार करण्याचे कारण नाही.

गोळ्यांनी तिला अन्न पचत नाही. आज सकाळी गोळी घेतल्यावर पाच मिनिटांत उलटी झाली. उलटीत गोळी सबंध दिसली, म्हणून दुसरी दिली. ती रडत म्हणाली, “बाबा, आजच्या दिवस राहू दे ना. आतडी पिळवटतात.” मी तिला वहीतील सत्तावीस अखंड सह्या दाखविल्या. तिने दुसरी गोळी घेतली आणि ती राहिली.

तिच्या डोळ्यांत पिवळेपणा वाटतो. धुराचा परिणाम असावा.

पंखा एक तास. धुरामुळे पंख्याचा आवाज अधिकच त्रासदायक वाटतो.

१५ एप्रिल, शनिवार

नववर्षाचा मुख्य दिवस. प्रथेप्रमाणे धाकट्यांनी सुगंधी पाणी घेऊन यावे, थोरांच्या हातांवर ओतावे, वर्षभरातील अपराधांची क्षमा मागावी आणि थोरांनी ती देऊन आशीर्वाद द्यावा. विभागातील बाकीच्या सहाही जणी आल्या. सायथोंगनेही पाणी ओतले. “काका, माझ्या जिभेला माफ करा. बाकी मी तशी निर्दोष आहे,” ती म्हणाली. क्षमा केली.

अरुनोथाय बाई शहरातून मुद्दाम आल्या होत्या. त्यांनीही पाणी ओतले.

शेवटी बुआलाय आली. खाली बसण्यास तिला वेळ लागला. तिच्या हातातील वाडगा सायथोंगने धरला. ती म्हणाली, “बाबा, मी आजारी पडून तुम्हाला त्रास दिला. तुमच्या नावाला बोल लागेल असं काही माझ्याकडून झालं असेल तर क्षमा करा.” एवढे बोलण्यास तिला चार वेळा थांबावे लागले.

मी तिला मनापासून क्षमा केली आणि दीर्घायुष्याचा आशीर्वाद दिला.

अरुनोथाय बाई उठून विहिरीकडे गेल्या. त्यांना बहुधा धुराचा त्रास होत असावा.

१० मे, बुधवार

बुआलायचे वजन अकरा किलोने घटले आहे. एक तारखेपासून ती कामावर येत नाही. तिच्या जागी मालकांनी सायथोंगची धाकटी बहीण घेतली.

आज अरुनोथाय बाई घरी आल्या. बुआलाय ओसरीत भिंतीस टेकून बसली होती. बाई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, “ताई, डॉक्टरांशी माझं बोलणं झालं. त्यांना शंका येतेय. हा क्षय नसून धुळीचा आजार असेल तर या गोळ्या नुसतं विष आहेत, लगेच बंद करायला हव्यात. मग तुम्हाला छातीच्या मोठ्या रुग्णालयात पाठवता येईल. पण माझं यंत्र म्हणतं धूळ नव्हतीच, आणि डॉक्टर त्या कागदाविरुद्ध जाऊ शकत नाहीत. मला फक्त एक सांगा. पंखा चालू असायचा का?”

प्रश्न बुआलायला होता. तथापि तिने प्रथम माझ्याकडे पाहिले, आणि ते योग्यच होते. मी म्हणालो, “नोंदवही यांच्याजवळच आहे.”

“वहीचं नाही विचारत, काका. माफ करा. ताईंना विचारतेय.”

बुआलायने बराच वेळ श्वास गोळा केला. ओसरीबाहेर कोंबडी ओरडत होती.

“बाबांनी लिहिलंय तसंच,” ती म्हणाली. “आठ तास.”

“ताई...”

“बाबा खोटं लिहीत नाहीत.”

मला धन्य वाटले. परक्या सुशिक्षित माणसासमोर बापाची मान वर राहील असे बोलणारी मुलगी सर्वांच्या नशिबी नसते. बाई निघताना बुआलायचा हात सोडत नव्हत्या. शेवटी तिनेच तो सोडवून घेतला.

१९ जून, सोमवार

सायथोंग आज कारखान्यातून सरळ आमच्या घरी आली आणि चपला न काढता ओसरीत चढली. तिने जे शब्द वापरले ते सर्व येथे लिहिणे सभ्यपणाचे होणार नाही.

“म्हाताऱ्या, पोरगी मरतेय तुझी! ऑक्सिजनची नळी नाकात घालून बसलीय, आणि तू तिला सकाळ-संध्याकाळ गोळ्या चारतोयस! अरे, पंखा तूच बंद करायचास ना? बटणावर तुझंच बोट असायचं ना? आता माझी बहीण तिथं उभी आहे. तिलाही खोकला लागलाय.”

“मालकांस सांगावे,” मी म्हणालो.

“सांगितलं! ते म्हणाले, लेखी काय आहे? माझ्याकडे काय आहे लेखी? तुझ्याकडे आहे. तुझ्याकडेच आहे!”

चौथीपासून आजपर्यंत माझ्याशी कोणी एकेरीत बोलले नव्हते. बुआलाय खाटेवरून हात हलवून तिला गप्प करू पाहत होती.

ती गेल्यावर मी विचार केला. नोंदीत चूक असेल तर ती रीतसर दुरुस्त करता येते. खाडाखोड न करता वर बरोबर आकडा लिहावा आणि सही करावी. यंत्र आकड्यांवर चालते. आकडा चुकीचा असल्याने यंत्राने चुकीचा उपचार लावला असेल, तर आकडा दुरुस्त होताच निकाल दुरुस्त होईल आणि बुआलायस उतार पडेल. हे मला आधी सुचावयास हवे होते.

२१ जून, बुधवार

सकाळच्या गाडीने शहरात गेलो. अरुनोथाय बाईंना सांगितले, “पंखा सरासरी पावणेदोन तास धरावा. मुखपट्टी आठवड्यास एक. झाडू कोरडा.”

त्यांनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग मला पाणी दिले आणि माझ्यासमोरच यंत्रात आकडे घातले. पडद्यावर एक फुफ्फुस हिरव्या रंगात दिसत होते. त्यांनी कळ दाबली. हिरवे पिवळे झाले, पिवळे लाल झाले, आणि लाल खालपासून वरपर्यंत भरत गेले.

“हे काय?” मी विचारले.

“ताईंचं आहे, काका.”

निकाल: धोका अति तीव्र. सातही जणींचा. बुआलायचा आकडा सर्वांत वर होता.

मी म्हणालो की मी दुरुस्ती केली असताना निकाल बिघडतो, हे कसे? त्या म्हणाल्या, “निकाल बिघडला नाही, काका. फुफ्फुस आधीच बिघडलंय. पण आता आपल्याला कळलं ना! गोळ्या थांबतील, ताईंना मोठ्या रुग्णालयात हलवता येईल. पूर्ण बऱ्या नाही होणार, पण जगतील कदाचित. आणि बाकीच्या सगळ्याजणींना त्या खोलीतून बाहेर काढता येईल. फक्त इथं सही करा.”

कागदावर मथळा होता: ‘नोंदी खोट्या असल्याचा कबुलीजबाब’. मी ‘दुरुस्तीपत्र’ असे सुचविले. मथळा छापील आहे, तो बदलता येत नाही, असे त्यांनी सांगितले आणि पुन्हा पुन्हा क्षमा मागितली. मी पूर्ण नावाने सही केली: खम्मून इन्तावोंग, विभागप्रमुख. मोठे प्राध्यापक राजधानीस गेले आहेत. ते शुक्रवारी परतल्यावर त्यांची सही होऊन कागद पुढे जाईल. तोवर तो बाईंच्या खणात राहील.

त्या मला गाडीपर्यंत सोडावयास आल्या. रस्त्यात त्यांनी माझ्या हातातील छत्री घेतली. त्या हसत होत्या.

२२ जून, गुरुवार

झोप नाही. ‘खोट्या’ हा शब्द डोळ्यांपुढून जात नाही. तो कागद मालक वाचतील. शेजारचे तीन कारखाने वाचतील. सायथोंग मोठ्याने वाचील.

शिवाय एक गोष्ट निर्विवाद आहे. जुन्या आकड्यांत बुआलाय सुरक्षित होती. नव्या आकड्यांनी ती लाल झाली. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

२३ जून, शुक्रवार

प्राध्यापक दुपारी येणार होते. मी सकाळी आठ वाजताच विद्यापीठातील त्यांच्या कार्यालयाच्या दाराशी उभा होतो.

अरुनोथाय बाईंना म्हणालो, “माझा कागद परत द्यावा. जुने आकडे कायम करावेत.”

त्यांना प्रथम समजलेच नाही. समजल्यावर त्या खुर्चीतून उतरून माझ्या पायांपाशी जमिनीवर बसल्या आणि त्यांनी हात जोडले. “काका, असं नका करू. त्या सहीशिवाय माझ्या शब्दाला काडीची किंमत नाही. प्राध्यापकांनी तुमच्या वहीवर शोधनिबंध छापलाय, ते माझं ऐकणार नाहीत. ताईंकडे बघा. बाकीच्या सहाजणींकडे बघा.”

“जुन्या निकालात त्याही सुरक्षित आहेत,” मी म्हणालो. “आपण सर्वांना एकदम आजारी करू नये.”

“पण ते खरं नाही, काका!”

त्यांचा आवाज चढला होता. मी केवळ हात पुढे केला आणि वाट पाहिली. मी एकाहत्तर वर्षांचा आहे. त्या एकतीस वर्षांच्या असतील. थोड्या वेळाने त्यांनी खण उघडला, कागद काढला आणि रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी मला दिला. त्यांचा चेहरा ओला होता. मी त्यांचे आभार मानले.

साडेअकरा वाजता घरी पोहोचलो. गेले अठरा दिवस बुआलाय तीन उशांना टेकून बसल्या बसल्याच डुलक्या घेते. आडवी केली तर श्वास बंद पडेल, अशी ताकीद डॉक्टरांनी दिलेली आहे. मला पाहताच तिने नाकातील नळी थोडी बाजूस केली.

“बाबा, काय म्हणालं ते यंत्र?”

“धोका अत्यल्प,” मी म्हणालो.

“नक्की?”

“निकाल लेखी आहे.”

तिने डोळे मिटून घेतले. इतक्या दिवसांत प्रथमच तिचा चेहरा मोकळा दिसला. सकाळच्या राहिलेल्या दोन गोळ्या तिने न सांगता घेतल्या. वहीत सही केली.

मग ती म्हणाली, “खूप दमलेय, बाबा. बसून बसून पाठ मोडलीय. आता आडवी होऊ का?”

मी परवानगी दिली आणि उशा काढून घेतल्या.